शिष्यत्वाचें मोल

'शिष्य' हा शब्द आपल्या भाषेंत फार जुना आहे. ज्याला शासन करावयाचें, वळण लावावयाचें, तो शिष्य, असा त्याचा मूळ अर्थ. नव्या करारांत येशूच्या अनुयायांसाठीं जो ग्रीक शब्द योजिला आहे त्याचा अर्थ मात्र अधिक साधा, म्हणजे केवळ 'शिकणारा' एवढाच आहे. शिकणें आणि शासन सोसणें या दोन्ही गोष्टी एका दिवसांत संपणाऱ्या नव्हेत. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत हौतात्म्याच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्यांचें तेज लोकांच्या डोळ्यांत सहज भरतें. परंतु आपला वधस्तंभ उचलून मागें येण्याचें जें आवाहन मत्तय व मार्क या दोघांनींहि नोंदिलें आहे, त्यांत लूक एका लहानशा शब्दाची भर घालतो. हें दररोज करावयाचें आहे, असें तो सांगतो. त्याच शुभवर्तमानांत बुरूज बांधूं पाहणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आहे. पाया घालण्यापूर्वीं खर्चाचा हिशेब केला नाहीं, तर अर्धवट राहिलेलें काम पाहून लोक हसतील, असें त्याचें तात्पर्य.

हा खर्च दररोज आणि हप्त्याहप्त्यानें कसा द्यावा लागतो, याचें उदाहरण शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या विद्वत्समाजानें जिचें कौतुक केलें, पुढें ज्याच समाजानें जिच्याकडे पाठ फिरविली, आणि जिनें अखेरचीं वर्षें केडगांवच्या माळावर एका ग्रंथाचीं मुद्रितें तपासण्यांत घालविलीं, त्या पंडिता रमाबाईंचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. १८८३ ते १९२२ या एकोणचाळीस वर्षांत त्यांच्या शिष्यत्वाची परीक्षा एकदां नव्हे तर अनेकदां झाली. आणि परीक्षक दर वेळीं निराळे होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रियांना संस्कृत शिकवूं नये हा रूढ समज त्यांनीं मानला नाहीं. त्यांनीं आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकविलें. आणि त्या मातेनें आपल्या मुलीला शिकविलें. अतिथिसत्कारांत घरची संपत्ति संपली, तेव्हां हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. गांवोगांवीं देवळांत पुराण सांगावें आणि श्रोत्यांनीं जें द्यावें त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला होता. लहान वयांतच रमाबाईंना भागवताचे हजारों श्लोक मुखोद्गत झाले. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. भिक्षा मागण्याची संवय नाहीं, अंगमेहनतीचें काम येत नाहीं, आणि पुराण ऐकण्यास कोणी उरलें नाहीं, अशा स्थितींत उपासमारीनें प्रथम वडील, मग आई, आणि मागोमाग थोरली बहीणहि गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई हीं दोघेंच उरलीं. हजारों मैलांची पायपीट करून तीं १८७८ मध्यें कलकत्त्यास पोहोंचलीं.

या प्रवासाचा उल्लेख येथें केवळ करुणेसाठीं केलेला नाहीं. व्रतें, उपवास, तीर्थस्नानें यांत आई-वडिलांनीं कोठेंहि कसूर केली नव्हती. तरी त्यांचा अंत असा झाला. त्यामुळें रमाबाईंच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला, तो पुढें कोणत्याहि पंथाच्या आश्रयाला गेल्यावर स्वस्थ बसणारा नव्हता. कोणी सांगितलें म्हणून मानणें त्यांच्या स्वभावांतून तेव्हांच गेलें. आणि ज्या स्त्रीनें उपाशी पोटीं रानांतला पाला खाल्ला, तिला भुकेची भाषा समजावून सांगण्याची गरज पुढें कधींहि पडली नाहीं.

कलकत्त्याच्या पंडितांनीं या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ब्राह्म समाजाच्या पुढाऱ्यांनीं तिचें स्वागत केलें. केशवचंद्र सेनांनीं तिला वेदांची प्रत दिली. १८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिन बिहारीदास मेधावी या वकिलाशीं, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनें त्यांचा विवाह झाला. १८८१ मध्यें मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें पतीचें निधन झालें. चोविसाव्या वर्षीं, कडेवर दहा महिन्यांची मुलगी असलेली ही विधवा पुण्यास आली. सुधारक मंडळींनीं त्यांना आधार दिला. १८८२ मध्यें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर आयोगापुढें साक्ष देऊन हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षक यांची किती निकड आहे, तें सांगितलें.

ख्रिस्ती धर्माशीं त्यांचा परिचय बंगाली भाषेंतील लूकच्या शुभवर्तमानाच्या एका प्रतीनें सिलचर येथें झाला होता. पुण्यांत नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशीं त्यांचा विचारविनिमय सुरू झाला. काशींत वाढलेले हे शास्त्री १८४८ मध्यें ख्रिस्ती होऊन नेहेम्या गोऱ्हे झाले होते. १८८३ मध्यें रमाबाई वैद्यक शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास निघाल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीमंडळाचें पुण्यांत काम होतें. त्या मंडळाकडे राहावें आणि हिंदुस्थानांत येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवून आपला खर्च भागवावा, असें ठरलें होतें. सोबत मनोरमा व आनंदीबाई भगत या होत्या. परक्या देशांत, परक्या घरांत थोड्याच महिन्यांत आनंदीबाईंनीं आत्मघात केला. त्या धक्क्यांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजीं, रमाबाईंनीं मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या मनाला वळण देणारी गोष्ट तर्कवादाहून निराळी होती, असें त्यांच्या पुढील आत्मकथनावरून दिसतें. लंडनच्या फुलम भागांत भगिनीमंडळानें पतित स्त्रियांसाठीं एक आश्रम चालविला होता. समाजानें टाकून दिलेल्या स्त्रियांची सेवा कुलीन स्त्रिया आपल्या हातांनीं करीत आहेत, हें दृश्य त्यांनीं पूर्वीं कोठें पाहिलें नव्हतें. असें करावें असें यांना कां वाटतें, असें त्यांनीं विचारलें. आणि उत्तर म्हणून त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा दाखविण्यांत आली. विहिरीपाशीं बसलेला थकलाभागला गुरु एका बदनाम, परजातीच्या स्त्रीशीं धर्माची अत्यंत गहन गोष्ट बोलतो, हें वाचून रमाबाईंना आपला गुरु सांपडला.

पहिली किंमत लगेच मोजावी लागली. पुण्यांत बातमी येतांच कालच्या गौरवाची जागा संतापानें घेतली. मित्र दुरावले, वर्तमानपत्रांनीं टीकेची झोड उठविली. ही किंमत त्यांनीं आधींच धरलेली असावी. परंतु दुसरी किंमत जेथून मागितली गेली, तेथून ती येईल अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. ती त्यांच्या नव्या धर्मगुरूंनीं मागितली.

रमाबाई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्यें महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला. तो वाचतांना एका बाजूस मायेनें पण अधिकारानें बोलणारी धर्ममाता आणि दुसऱ्या बाजूस कृतज्ञ पण न वाकणारी कन्या दिसते. जें बायबलांत आपल्याला सांपडत नाहीं तें केवळ चर्च सांगतें म्हणून मान्य करण्यास रमाबाई तयार नव्हत्या. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीं त्यांना शंका होत्या आणि त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. गळ्यांत घालण्याच्या क्रुसावर लॅटिन अक्षरें कां असावीं, आमच्या संस्कृताहून लॅटिन अधिक पवित्र कशी, असें त्यांनीं विचारलें. मांसाहार त्यांनीं पत्करला नाहीं; जन्मभर त्या शाकाहारी राहिल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयांत डोरोथिया बील यांच्या हाताखालीं त्या शिकत असतां, त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांनाहि शिकवावें अशी एक सूचना निघाली. मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनीं तिला हरकत घेतली. हिंदुस्थानांत ज्या बाईनें पंडितांच्या सभा गाजविल्या, तिला पुरुषांपुढें बोलूं नको असें सांगणारे इंग्रज धर्माधिकारी होते. रमाबाईंनीं हें निमूटपणें ऐकून घेतलें नाहीं. अनेक वर्षांच्या यातायातीनंतर एक जूं मानेवरून उतरविलें आहे, तें दुसऱ्या रूपानें पुन्हां चढवून घ्यावयाचें नाहीं, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे.

सिस्टर जेराल्डाइन यांना यांत अहंकार दिसला. आणि त्यांच्या दृष्टीनें पाहतां तो दिसणें स्वाभाविक होतें. व्रतस्थ मंडळांत आज्ञापालन हीच पहिली साधना असते. शिष्यत्व म्हणजे स्वतःचें मत सोडणें, असें त्या मानीत. रमाबाईंचा समज असा होता कीं, शिष्य गुरूचा असतो, गुरूच्या घरांतील कारभाऱ्यांचा नव्हे. हा वाद केवळ दोघींचा नाहीं. ख्रिस्ती संघांत तो पहिल्या शतकापासून चालत आला आहे, आणि दोन्ही बाजूंस प्रामाणिक माणसें राहिलीं आहेत. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, रमाबाईंनीं भगिनीमंडळाशीं मतभेद केला, पण तें पत्रांचें नातें तोडलें नाहीं. आणि ज्या धर्मासाठीं स्वकीय गमावले, त्या धर्माच्या अधिकाऱ्यांशीं पटत नाहीं म्हणून त्या मागेंहि फिरल्या नाहींत.

याच काळांत आणखी एक आघात झाला. इंग्लंडांत त्यांची श्रवणशक्ति क्षीण होत गेली आणि वैद्यक शिकण्याचा बेत सोडून द्यावा लागला. ज्या कामासाठीं समुद्र ओलांडला तेंच हातचें गेलें. तेव्हां त्यांनीं आपलें लक्ष शिक्षणाकडे वळविलें. १८८६ च्या फेब्रुवारींत त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होतें फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉ. आनंदीबाई जोशी यांस पदवी मिळण्याचें. तो समारंभ ११ मार्च १८८६ रोजीं झाला. रमाबाई तेथें दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. हिंदुस्थानांतील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बॉस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन झालें. विधवांच्या शाळेला दहा वर्षें साहाय्य करण्याचें त्या मंडळानें कबूल केलें. शाळेंत धर्मशिक्षणाची सक्ति नसावी, हें त्यांतील एक प्रमुख तत्त्व होतें.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलें. १८९० मध्यें तें पुण्यास आलें. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ मध्यें त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढें कर्व्यांनीं १८९६ मध्यें सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामांत त्या राबल्या. एका ख्रिस्ती बाईच्या शाळेंतून हिंदु समाजाच्या एका थोर संस्थेला असें बळ मिळालें, हें महाराष्ट्राच्या इतिहासांतील एक बोलकें सत्य आहे.

सदनांत मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. परंतु रमाबाई सकाळीं आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि दार बंद करीत नसत. मुली येऊन बसूं लागल्या. याच सुमारास, १८९१ च्या आसपास, रमाबाईंच्या अंतर्जीवनांतहि पालट झाला होता. आठ वर्षांपूर्वीं बाप्तिस्मा घेऊन आपण ख्रिस्ती धर्म मिळविला खरा, पण त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त आपल्याला अजून मिळालाच नव्हता, असें त्यांनीं मागाहून लिहिलें. ही कबुली विलक्षण आहे. एवढा छळ सोसून, एवढे वाद करून, आपण अजून उंबरठ्यावरच आहों असें म्हणण्यास मोठें मन लागतें. शिष्य म्हणजे शिकणारा, हा मूळ अर्थ येथें पुन्हां दिसतो.

या पालटाचे परिणाम लवकरच बाहेर दिसूं लागले. कांहीं मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे वळला आहे अशी बातमी पसरली. 'केसरी'नें तर पूर्वींपासूनच सदनाविषयीं संशय घेतला होता. १८९३ च्या ऑगस्टांत न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर आदि सल्लागारांनीं राजीनामे दिले आणि अनेक पालकांनीं मुली घरीं नेल्या. या प्रसंगीं दोन्ही बाजूंचा न्याय पाहिला पाहिजे. ज्या पालकांनीं लोकनिंदा सोसून विधवा मुली शाळेंत धाडल्या, त्यांना धर्माच्या बाबतींत तटस्थतेचें आश्वासन मिळालें होतें. त्यांची भीति खोटी म्हणतां येणार नाहीं. रानडे-भांडारकर हे शाळेचे शत्रु नव्हते. शाळा टिकावी म्हणूनच ते इतके दिवस तिच्या पाठीशीं उभे होते. उलट रमाबाईंचें म्हणणें असें कीं, सक्ति केली नाहीं हें खरें, पण माझी प्रार्थना मीं चोरून कां करावी? दार लावलें असतें तर शाळा वांचली असती. तें त्यांनीं लावलें नाहीं.

दहा वर्षांची अमेरिकन मदत कधींतरी संपणार, हें जाणून रमाबाईंनीं पुण्याच्या पूर्वेस, रेल्वेमार्गावरील केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेऊन ठेविली होती. फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालावी असा त्यांचा बेत होता. परंतु जमिनीचा उपयोग निराळाच व्हावयाचा होता. १८९६-९७ मध्यें मध्यप्रांतांत भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथें गेल्या. मदतकेंद्रांभोंवतीं हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि त्यांच्यावर टपलेले दलाल त्यांनीं पाहिले. वीस वर्षांपूर्वींचें आपलेंच कुटुंब त्यांना आठवलें. सुमारें तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या. जवळ पैसा नव्हता. पुण्यांत प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळें नव्या मुलींना शहरांत ठेवणें शक्य नव्हतें. तेव्हां केडगांवच्या उघड्या माळावर तंबू व झोंपड्या उभ्या राहिल्या, आणि त्या वसाहतीला 'मुक्ति' हें नांव मिळालें. त्याच वर्षीं सरकारी प्लेग-रुग्णालयांतील स्त्रियांच्या हालांविषयीं त्यांनीं 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत जाहीर तक्रार केली. राज्यकर्त्यांचा धर्म तो आपला धर्म म्हणून राज्यकर्त्यांपुढें गप्प बसावें, असें त्यांना वाटत नव्हतें.

१९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला तेव्हां मुक्तींतील माणसांची संख्या दीड हजारांवर गेली. दीड हजार माणसांना रोज दोन वेळां जेवूं घालणें, हें ज्यांनीं केलें नाहीं त्यांना त्याची कल्पना येणें कठीण. आलेल्या मुलींना प्रथम खरूज, आंव, ज्वर. मग भुकेनें जडलेली हांवरेपणाची व चोरून ठेवण्याची संवय. कित्येकींना अंगभर वस्त्राची किंवा एका ठिकाणीं बसण्याचीहि संवय नव्हती. त्यांतून शाळा, हातमाग, शिवण, गोठा, तेलघाणा, छापखाना असे उद्योग उभे राहिले. समाजानें बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन झालें, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठीं प्रीतिसदन झालें. मनोरमाबाईंनीं अमेरिकेंत ब्रेल लिपि शिकून घेऊन आंधळ्या मुलींना वाचण्यास शिकविलें. फुलम येथें एका शिष्येनें जें पाहिलें होतें, तें येथें शतगुणित झालें. मुक्ति मात्र उघड ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनाच्या वेळचा संदिग्धपणा आतां उरला नव्हता.

१९०५ मध्यें मुक्तींत धर्मजागृतीची मोठी लाट आली. वेल्स देशांत १९०४ मध्यें अशीच जागृति झाली होती आणि तिची वार्ता येथवर पोहोंचली होती. शेंकडों मुली अश्रु ढाळीत, मोठ्यानें प्रार्थना करीत तासन्‌तास बसूं लागल्या. दूरदूरचे लोक पाहण्यास आले. कोणी धन्य मानलें, कोणी नांवें ठेविलीं. अशा लाटा येतात आणि ओसरतात. रमाबाईंनीं तिचा आदर केला. परंतु त्याच सुमारास त्यांनीं जें काम हातीं घेतलें, तें लाटेच्या अगदीं उलट जातीचें होतें. सबंध बायबलाचें मूळ भाषांवरून मराठींत नवें भाषांतर करण्याचें तें काम.

मराठींत बायबल नव्हतें असें नाहीं. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनीं १८११ मध्येंच मराठी नवा करार छापला होता, आणि त्यानंतर मुंबईंत सबंध बायबलाचीं भाषांतरें व त्यांच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या होत्या. परंतु ही भाषा संस्कृतप्रचुर, पंडिती आहे, खेड्यांतून आलेल्या स्त्रीच्या कानांना ती परकी वाटते, असें रमाबाईंना रोज वर्ग घेतांना जाणवत होतें. विचित्र योग असा कीं, ही तक्रार करणारी बाई स्वतः 'सरस्वती' पदवी मिळविलेली संस्कृत पंडिता होती. जी भाषा तिच्या कीर्तीचें कारण, जी लॅटिनहून उणी नाहीं म्हणून तिनें वाँटेजला वाद घातला, तीच तिनें आतां आपल्या मुलींसाठीं बाजूस ठेविली. भाषांतरासाठीं त्यांनीं पंचेचाळिशी उलटल्यावर ग्रीक व हिब्रू या भाषांचा अभ्यास केला. ऐकूं जवळजवळ येत नाहीं, सभोंवार शेंकडों माणसांच्या संसाराचा व्याप, आणि मध्यें कोश व व्याकरणें पसरून बसलेली ही बाई, असा तो सतरा-अठरा वर्षांचा क्रम होता.

छापण्याचें कामहि मुक्तींतच झालें. देवनागरीचे खिळे जुळविणें हें कसबाचें काम. इंग्रजीची शें-सव्वाशें घरांची पेटी येथें पुरत नाहीं. जोडाक्षरें, अर्धीं अक्षरें, काना, मात्रा, वेलांट्या मिळून कित्येक शें खिळ्यांच्या जागा हाताला पाठ व्हाव्या लागतात, आणि अक्षर उलटें वाचावें लागतें. दुष्काळांतून आलेल्या, ज्यांना अक्षरओळखच मुक्तींत झाली, अशा स्त्रियांनीं हे खिळे जुळविले, यंत्रें चालविलीं, फर्मे दुमडले, बांधणी केली. ज्यांच्यासाठीं ग्रंथ, त्यांच्याच हातांनीं तो तयार व्हावा, हें भाषांतराच्या इतिहासांत क्वचित्‌ घडतें. स्त्रीनें एकटीनें सबंध बायबल भाषांतरित केल्याचें उदाहरण पूर्वीं अमेरिकेंत झालें होतें. ज्यूलिया स्मिथ यांचें इंग्रजी भाषांतर १८७६ मध्यें निघालें. परंतु ज्या छापखान्यांतील जुळारी व बांधणीकार सगळ्या स्त्रियाच, अशा छापखान्यांतून निघालेल्या बायबलाचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण.

या वर्षांत मृत्यु पुन्हां घरीं आला. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षीं वारल्या. बाप्तिस्म्याच्या वेळीं जी दोन वर्षांची होती, जी आईच्या आणि भगिनीमंडळाच्या ओढाताणींत वाढली, जी मुक्तीचा भार पुढें वाहील अशी सर्वांची अपेक्षा होती, ती आईच्या आधीं गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पति आणि आतां कन्या. रमाबाईंनीं मुद्रितें बाजूस ठेविलीं नाहींत. पुढील आठ-नऊ महिने तें काम चाललें. आणि भाषांतराचें शेवटचें संस्करण हातावेगळें झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांव येथें त्यांचें देहावसान झालें. सबंध ग्रंथ छापून बाहेर पडला तो त्यांच्या पश्चात्‌, १९२४ मध्यें.

आतां हिशेब काय झाला? व्यवहाराच्या मापानें पाहिलें तर या भाषांतराला मोठें यश आलें नाहीं. मूळ शब्दांना घट्ट धरून राहिल्यामुळें तें कित्येकांना अवघड वाटलें, आणि मराठी ख्रिस्ती मंडळींत बायबल सोसायटीचेंच भाषांतर चालू राहिलें. अठरा वर्षांच्या श्रमाचा ग्रंथ बहुतेक कपाटांत राहिला. पुण्यांतील ज्यांनीं त्यांना सोडलें, त्यांतील बहुतेकांनीं त्यांच्या हयातींत त्यांना पुन्हां जवळ केलें नाहीं. १९१९ मध्यें सरकारनें कैसर-इ-हिंद पदक दिलें. पण स्वकीयांच्या मौनाची भरपाई पदकानें होत नसते. महाराष्ट्राच्या सुधारणेच्या इतिहासांत त्यांचें नांव दीर्घकाळ आडबाजूलाच राहिलें. अलीकडच्या काळांत मात्र अभ्यासकांनीं तें पुन्हां पुढें आणलें, १९८९ मध्यें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट निघालें, आणि केडगांवची मुक्ति अद्याप चालू आहे.

परंतु शिष्यत्वाचें माप यशापयशानें घ्यावयाचें नसतें, असें तो बुरुजाचा दृष्टान्त नीट वाचला तर दिसतें. तेथें प्रश्न बुरूज किती उंच झाला हा नाहीं. आरंभिलेलें तडीस नेण्याची तयारी आहे कीं नाहीं, हा आहे. रमाबाईंच्या आयुष्यांत तडीस नेणें म्हणजे एकच गोष्ट धरून ठेवणें असेंहि नव्हतें. वैद्यकाचा बेत गेला, शारदा सदनाचें मूळ स्वरूप गेलें, फळबागेच्या जागीं झोंपड्या उभ्या राहिल्या. दर वेळीं साधन बदललें आणि दिशा तीच राहिली. पहिला हप्ता लौकिकाचा होता, तो एका दिवसांत फेडला गेला. दुसरा सहधर्मीयांच्या पसंतीचा होता, त्याला कांहीं वर्षें लागलीं. तिसरा सर्वांत जड. कोणी पाहत नसतां, टाळी किंवा शिवी यांपैकीं कांहींहि ऐकूं येत नसतां, रोज तेवढाच मजकूर पुरा करावयाचा. हा हप्ता फेडण्यास अठरा वर्षें लागलीं, आणि शेवटची कांडी हातावेगळी झाली तेव्हांच लेखणी खालीं ठेवली गेली.

धर्म कोणताहि असो, त्याचा स्वीकार एका क्षणांत करतां येतो आणि त्याचा अभिमान तर फुकट मिळतो. त्याचें शिष्यत्व मात्र उधारीवर मिळत नाहीं. लूकनें घातलेल्या त्या एका लहान शब्दाचा अर्थ कोशांत पाहून लागण्याजोगा नाहीं. केडगांवच्या छापखान्यांतील स्त्रियांना तो खिळ्याखिळ्यानें लागला असावा.